पाणी न मारणाऱ्या जवानाच्या बाजूने

केमिकलच्या गोडाऊनला आग लागलीय, बंब येऊन उभा आहे, जवान उतरलेत, होज अंथरून झालेत, पण पाणी सोडलेलं नाही. एक जण दुर्बिणीतून आत बघतोय, दुसरा फोनवर कोणाला तरी ड्रमवरचा नंबर वाचून दाखवतोय, तिसरा वॉचमनला विचारतोय की आत नक्की काय ठेवलंय. पाच मिनिटं जातात, दहा जातात. बाहेर गर्दी वाढत जाते, मोबाईल वर होतात आणि कोणीतरी ओरडतंच, अरे बघत काय उभे राहिलात, पाणी मारा की! संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे फिरलेला असतो आणि खाली शंभर लोकांनी लिहिलेलं असतं की आग पेटलेली होती आणि हे नुसते बघत उभे होते.

मला त्या उभ्या राहिलेल्या माणसांची बाजू घ्यायचीय. कारण काही केमिकल अशी असतात की त्यांच्यावर पाणी मारणं म्हणजे आग विझवणं नसतंच, ते आगीला नवं जळण देणं असतं, आणि आत काय आहे हे कळेपर्यंत पाणी न सोडणं ही त्या क्षणाची सगळ्यात अवघड आणि सगळ्यात योग्य कृती असते. माझं म्हणणं असं आहे की हे थांबणं अधिकाऱ्याचा हक्क म्हणून लेखी मान्य झालं पाहिजे, आणि ते थांबणं दहा मिनिटांवरून एक मिनिटावर आणायची जबाबदारी ज्याने माल साठवलाय त्याची असली पाहिजे, फायर ब्रिगेडची नाही.

आधी पाण्याने होतं काय ते बघू, कारण "पाण्याने भडका उडतो" एवढं ऐकून लोक सोडून देतात आणि मग वाटतं की ही शाळेतल्या प्रयोगापुरती गोष्ट आहे. सोडियम घ्या. एक किलो सोडियमची पाण्याशी पूर्ण रिॲक्शन झाली तर साधारण 500 लिटर हायड्रोजन निघतो, आणि त्याच रिॲक्शनमध्ये एवढी उष्णता तयार होते की तो हायड्रोजन पेटवायला वेगळी ठिणगी लागत नाही. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी तो पेटू शकतो, म्हणजे बंद खोलीत जवळपास कुठलंही मिश्रण धोक्याचंच. शिवाय सोडियम पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते पाण्यावर तरंगत पळतं आणि जिथे आग नव्हती तिथे आग घेऊन जातं. कॅल्शियम कार्बाइडचं तसंच, एक किलोमागे 300 लिटरच्या आसपास ॲसिटिलीन, तोच वेल्डिंगचा गॅस. मॅग्नेशियम पेटलेलं असताना त्याचं तापमान एवढं जास्त असतं की ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन मोकळा सोडतं, आणि उरलेल्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, त्यामुळे वितळलेला धातू चारी बाजूंना उडतो. 1955 च्या 11 जूनला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली, 80 पेक्षा जास्त लोक गेले, तिची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती आणि मदतीला आलेल्यांनी पाणी मारल्यावर आग आणखी भडकली. ती माणसं मूर्ख नव्हती, त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, फक्त समोरचा पदार्थ वेगळा होता.

पण मला जास्त भीती वाटते ती भडका न उडणाऱ्या केमिकलची. भडका निदान दिसतो तरी. टायटॅनियम टेट्राक्लोराइड, सिलिकॉन टेट्राक्लोराइड, थायोनिल क्लोराइड, क्लोरोसल्फोनिक ॲसिड ही मंडळी पाणी लागलं की हायड्रोजन क्लोराइडची आम्लयुक्त वाफ सोडतात, काहींना तर हवेतला दमटपणाच पुरतो, पांढरा ढग जमिनीलगत पसरत जातो आणि वाऱ्याच्या दिशेला जो असेल त्याच्या छातीत जातो. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइड, धान्यातली कीड मारायच्या गोळ्या, त्याला ओल लागली की फॉस्फिन हा विषारी गॅस निघतो. 2017 च्या 2 जानेवारीला अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलो गावात एका घराखाली अशा गोळ्या टाकलेल्या होत्या, घरातल्या माणसाने त्या धुवून काढाव्यात म्हणून पाणी मारलं आणि त्या घरातली चार मुलं गेली. तिथे ना आग होती ना कारखाना ना स्फोट. होतं ते फक्त पाणी आणि ते मारणाऱ्याचा चांगला हेतू. ही घटना वाचल्यापासून मला "सांडलंय ना, धुऊन टाक" हे वाक्य ऐकलं की बरं वाटत नाही, कारण गळतीच्या वेळी आपण सगळे अगदी हेच करतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे सगळं ज्ञान नवीन नाही आणि गुप्त तर अजिबातच नाही. पाण्याशी संपर्क आला की पेटणारा गॅस सोडणाऱ्या पदार्थांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात 4.3 असा वेगळा वर्गच आहे, त्याची खूण निळा चौकोन टोकावर उभा केलेला, आत ज्वाला. टँकरवर जी नारिंगी पाटी असते तिच्यावर वरच्या नंबराच्या आधी एक्स अक्षर असेल तर अर्थ सरळ आहे, पाणी वापरू नका. सोडियमच्या पाटीवर वर एक्स 423 आणि खाली 1428. दुसऱ्या एका पद्धतीत कोडचा पहिला आकडा सांगतो की काय मारायचं, 1 म्हणजे पाण्याचा झोत, 2 म्हणजे बारीक फवारा, 3 म्हणजे फोम आणि 4 म्हणजे कोरडी पावडर, पाणी लागू द्यायचं नाही. इमारतींवर लावायच्या चौरंगी चौकोनात खालच्या पांढऱ्या घरात आडवी रेघ मारलेलं डब्ल्यू हे अक्षर असेल तर त्याचाही अर्थ तोच. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून केमिकलच्या अपघातात काय करायचं याचं जे नारिंगी पुस्तक काढतात ते दर चार वर्षांनी नव्याने येतं, मोबाईलवर फुकट मिळतं, त्यात 138 नंबरची मार्गदर्शिका याच पदार्थांची आहे, घन पदार्थ सांडला असेल तर चारही बाजूंनी निदान 25 मीटर, द्रव असेल तर 50 मीटर मोकळं करा, टँकरच आगीत सापडला असेल तर 800 मीटर. आणि पाण्यात पडल्यावर विषारी गॅस सोडणाऱ्यांची यादी त्याच पुस्तकात वेगळी काढून दिलीय.

म्हणजे उत्तर छापून तयार आहे. अडतं ते प्रश्नापाशी, आत आहे काय? रस्त्यावरच्या टँकरवर निदान पाटी तरी असते, गोडाऊनमध्ये शंभर प्रकारचे ड्रम असतात, पाटी भिंतीवर असते आणि भिंत धुरात, मालाची यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये, ऑफिसला कुलूप, चावी ज्याच्याकडे तो रात्री अडीच वाजता झोपलेला. प्रत्येक केमिकलसोबत येणारी माहितीपत्रकं नीट फाइल करून ठेवलेली असतात, पण जळणाऱ्या इमारतीच्या आत. याला माहिती देणं म्हणत नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आपण म्हणतो, इथे बंब वेळेवर पोचतो आणि माहिती सोमेश्वरी राहते.

चीनमधल्या त्यानजिनचं उदाहरण याच्यासाठी प्रत्येक फायर स्टेशनमध्ये शिकवलं पाहिजे. 2015 च्या 12 ऑगस्टची रात्र, बंदरातल्या केमिकलच्या गोदामाला आग, जवान पोचले, पाणी मारायला लागले आणि मग दोन प्रचंड स्फोट झाले. 165 मृत आणि 8 बेपत्ता, आणि या सगळ्यांत 104 जण आग विझवायला गेलेले होते. तिथे कॅल्शियम कार्बाइडही होतं त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनी म्हटलं की पाण्यानेच स्फोट झाला. नंतरच्या सरकारी चौकशीत निघालं की सुरुवात नायट्रोसेल्युलोज सुकून स्वतःहून पेटल्यामुळे झाली आणि मोठा स्फोट अमोनियम नायट्रेटचा होता. म्हणजे पाण्यावरचा आरोप टिकला नाही. पण माझ्या मते यातून मुद्दा कमी होत नाही, उलट पक्का होतो, कारण त्या रात्री आत गेलेल्या जवानांना कार्बाइड कुठे, नायट्रेट कुठे आणि सायनाइड कुठे यातलं काही नीट माहीतच नव्हतं. योग्य निर्णय घेण्यासाठी लागणारी एकच गोष्ट त्यांना कोणी दिली नव्हती.

भोपाळमध्ये तर पाणी आतूनच शिरलं. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरमधल्या रात्री 610 नंबरच्या टाकीतल्या मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी गेलं, रिॲक्शन तापत गेली आणि 40 टनांच्या आसपास वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गॅस जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता, आणि बाहेरून जे पाण्याचे फवारे मारले ते जिथून गॅस निघत होता त्या उंचीपर्यंत पोचलेच नाहीत. आणि नंतर डॉक्टर लोकांना विचारत होते की हा गॅस कोणता, उपचार काय करायचे, तर सरळ उत्तर मिळत नव्हतं. पाणी जिथे जायला नको तिथे गेलं, जिथे पोचायला हवं तिथे पोचलं नाही, आणि माहिती तर कुठेच पोचली नाही. एवढं होऊनही कंपनीचं गुपित आणि लोकांचा जीव यात तोल साधायला हवा असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. ड्रममध्ये काय आहे हे आग विझवणाऱ्याला आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्याला कळणं हे गुपिताच्या वरचं आहे.

मग मागणी काय? माझी मागणी अगदी साधी आहे. गेटवर, इमारतीपासून लांब, वाऱ्याच्या दोन वेगळ्या बाजूंना दोन पेट्या असाव्यात. पेटीत एक नकाशा, कुठल्या खोलीत काय आणि अंदाजे किती, आणि त्यावर लाल पेनाने गोल केलेल्या जागा जिथे पाणी अजिबात नाही. रोज शिफ्ट बदलताना तो कागद बदलायचा. रात्रीच्या वॉचमनला केमिस्ट्री यायची गरज नाही, त्याला फोनवर दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, आमच्याकडे पाणी चालत नाही असं सामान आहे, त्याचा नंबर अमुक. एवढ्यावर बंब निघायच्या आधीच कोरड्या पावडरची गाडी निघू शकते. याला खर्च किती येतो? कागद, पेटी आणि दर महिन्याला एक तास सराव. ज्यांना टनावारी सोडियम परवडतं त्यांना हे परवडत नाही हे मी मान्य करणार नाही.

यावर एक आक्षेप येतो की अशी यादी गेटवर ठेवली तर चोर आणि घातपात करणारे वाचतील. पेटीला कुलूप लावा आणि चावी फायर ब्रिगेडकडे द्या, प्रश्न संपला. रस्त्यावरून जाणारा टँकर तर पाठीवर नंबर लिहूनच फिरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. आत माणूस अडकला असेल तर? तेव्हाही थांबायचं? नाही. माणूस बाहेर काढणं आणि आग विझवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते वेगळेच घेतले पाहिजेत. श्वासाचं उपकरण लावून आत जाणाऱ्या टीमला माहिती मिळेपर्यंत थांबायला परवडत नाही हे खरं, पण त्यासाठी जळणाऱ्या ढिगावर पाणी सोडावं लागतं असंही नाही. शेजारच्या इमारतीची भिंत थंड ठेवायला पाणी वापरता येतं, फक्त ते वाहत जाऊन मालाला लागणार नाही हे बघायला एक माणूस उभा करावा लागतो. आम्लाच्या ढगावर लांबून, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बारीक फवारा मारून तो ढग थोडा खाली बसवता येतो, पण फवारा ढगावर, सांडलेल्या केमिकलवर नाही. म्हणजे "पाणी नाही" याचा अर्थ "काहीच नाही" असा होत नाही, आणि हे गर्दीला समजावून सांगणारा एक अधिकारी प्रत्येक ठिकाणी मुद्दाम नेमलेला असला तर त्या व्हिडिओखालच्या अर्ध्या शिव्या टळतील.

आणि आळसाला हे निमित्त मिळेल असं ज्यांना वाटतं त्यांना मी म्हणतो की वेळ लिहून ठेवा. पोचले किती वाजता, माहिती मागितली किती वाजता, मिळाली किती वाजता, काय ठरवलं. थांबलेला प्रत्येक मिनिट कागदावर आला की कोण कामासाठी थांबलं आणि कोण टाळाटाळ करत होतं हे चौकशीत आपोआप दिसतं. आज मात्र उलट आहे, पाणी मारून स्फोट झाला तर ते शौर्य धरतात आणि न मारता इमारत जळली तर निष्काळजीपणा. अशा हिशोबात शहाणा माणूससुद्धा व्हॉल्व्ह उघडणारच.

कधी कधी तर बरोबर निर्णय हा असतो की जळू द्या. धातूची मोठी आग असेल, आसपासचे लोक हलवलेले असतील, तर ती जळून संपू देणं हे पाण्याने तिचे तुकडे आसमंतात उडवण्यापेक्षा कितीतरी बरं. हे बोलायला फार कठीण आहे, मालकाला तर ऐकवतच नाही, पण हे बोलणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे कायदा उभा असला पाहिजे.

आता अर्धवट माहितीबद्दल, कारण "पाणी नको" हे वाक्यही आंधळेपणाने पाठ करून चालत नाही. लिथियम हा शब्द ऐकला की लोक लगेच म्हणतात पाणी नको. पण फोनमध्ये आणि गाडीत असते ती लिथियम-आयन बॅटरी, तिच्यात धातूच्या रूपातलं लिथियम जवळपास नसतं आणि ती थंड करायला भरपूर पाणीच लागतं. एकदाच वापरायच्या लिथियम बॅटऱ्या वेगळ्या, त्यांच्यात खरा लिथियम धातू असतो. 2024 च्या 24 जूनला दक्षिण कोरियातल्या ह्वासंगमध्ये अशा बॅटऱ्यांच्या कारखान्याला आग लागली आणि 23 जण गेले, आतल्या कामगारांनी साधी फायर एक्स्टिंग्विशर वापरून बघितली, उपयोग झाला नाही. स्विमिंग पूलमध्ये टाकायचं ट्रायक्लोर घ्या, त्याच्यावर लेबल ऑक्सिडायझरचं, म्हणजे दुसऱ्या वस्तूंना जळायला मदत करणाऱ्या पदार्थाचं असतं, 4.3 चं नाही, पण ते थोडंसं भिजलं की तापतं, क्लोरीन सोडतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लुइझियानामधल्या लेक चार्ल्सजवळ वादळाने गोदामाचं छप्पर उडालं, पावसाचं पाणी त्यावर पडलं आणि क्लोरीनचा ढग उठला. 2024 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या कॉन्यर्समध्ये याच केमिकलमुळे 17,000 च्या आसपास लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. आणि गंमत नाही, खरंच अवघड गोष्ट ही की या पदार्थाला थोडं पाणी वाईट आणि एकदम बुडवून टाकेल एवढं पाणी चालतं. म्हणूनच मी परत परत म्हणतो की नियम पाठ असून भागत नाही, समोर काय आहे ते कळावं लागतं.

कोरडी वाळू हाही असाच शब्द. वाळू वापरा म्हणतात, पण बाहेर उघड्यावर पडलेली वाळू कोरडी असतेच कुठे? ओलसर वाळू म्हणजे पाणीच झालं. बादल्या झाकणाच्या हव्यात आणि मधून मधून उघडून बघायला हव्यात. पेटलेल्या लिथियमला तर वाळूही चालत नाही, तो वाळूशीसुद्धा रिॲक्शन करतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचंही तेच, पेटलेलं मॅग्नेशियम त्या गॅसमध्येही जळत राहतं. धातूसाठी मिठाची किंवा ग्रॅफाइटची खास पावडर असते, ती हळूच पांघरूण घातल्यासारखी टाकायची असते, जोरात फवारली तर जळते कण उडतात. या गोष्टी वर्षातून एकदा हातात घेऊन केल्याशिवाय येत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायचा प्रकार इथे चालत नाही, आणि तरी बहुतेक ठिकाणी लाल नळकांडं भिंतीला टांगलं की सेफ्टी झाली असं समजतात.

अंगावर उडालं तर काय, हेही सगळ्यांना माहीत असावं. घन पदार्थ असेल तर आधी कोरड्या ब्रशने किंवा कापडाने झटकून काढायचा, कपडे उतरवायचे आणि मगच पाणी, आणि मग ते थोडंथोडकं नाही, वाहतं पाणी निदान 20 मिनिटं. क्रम चुकला तर कातडीवरच रिॲक्शन सुरू होते.

एका गोष्टीकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे दुसरा दिवस. आग संपलेली असते, कॅमेरे गेलेले असतात, राखेच्या पापुद्र्याखाली न जळलेलं सोडियम नाहीतर कार्बाइडचे खडे शिल्लक असतात आणि साफसफाईला माणसं येतात, ज्यांना फावडं आणि पाण्याचा पाइप एवढंच दिलेलं असतं. रात्री पाऊस आला तर आग परत. सांडलेला माल उचलेपर्यंत त्यावर प्लास्टिकची शीट हवी, फावडी कोरडी हवीत, ज्या डब्यात भरायचं तो कोरडा हवा आणि त्याचं झाकण घट्ट ठोकायचं नाही, कारण आत राहिलेल्या ओलीने गॅस तयार होत राहिला तर डबा फुटतो. पेटीतला तो नकाशा बंब परत गेल्यावर फाइलमध्ये जायला नको, तो या माणसांच्या मुकादमाच्या हातात पडायला हवा, आणि त्याने तो वाचून सही केल्याशिवाय पहिलं फावडं लागायला नको.